दर्भाचा कावळा आणि रंगीत पाणी

अण्णा, तुझ्या पिंडाला कावळा शिवला नाही. हे माझ्याच तोंडून ऐक, कारण तुझा विनू तुला ते गोड करून सांगेल आणि वहिनी सांगणारच नाही.

वेदगंगेच्या काठावर, आपल्या गावच्या त्याच झिजलेल्या पायऱ्यांवर ऊन चढेपर्यंत आम्ही बसलो होतो. पानावर तुझ्या आवडीचं सगळं होतं. भरलं वांगं, दही-बुत्ती, आणि बेळगावहून विनूनं मुद्दाम आणलेला कुंदा. कावळे नव्हते असं नाही. चिंचेवर चांगले जमून बसले होते आणि आपापसात काहीतरी चर्चा चालली होती. त्यातला एक खाली उतरला, पानापासून हातभर लांब थांबला, कुंद्याकडे बघून मान वाकडी केली आणि परत फांदीवर गेला. अगदी तुझी मान. दुसऱ्यानं लिहिलेला रिपोर्ट वाचून झाल्यावर तू करायचास तशी. मला हसू आलं आणि मी पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडतेय. तेही खोटं नव्हतं.

मग एकेकानं बोलायला सुरुवात केली. धाकटे काका म्हणाले, "विनूचं लगीन आमी लावतो, काळजी करू नको." विनू म्हणाला, "आईला पुण्याला नेतो, एकटी ठेवत नाही." वहिनी कुणालाच ऐकू येणार नाही असं काहीतरी पुटपुटली. कावळा ढिम्म. ऊन पायऱ्यांवरून खाली सरकत पाण्यापर्यंत आलं. कुणीतरी छत्री उघडली. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "आता तुमीच बोला. ह्यांचं भांडण तुमच्यासंगंच अर्धं ऱ्हायलंय. सही करते म्हणा की. म्हंजे सुटतील."

तुझ्या शेवटच्या रिपोर्टावरची सही, अण्णा. तिथंवर बातमी पोचली होती.

तू गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण मला एकच विचारतोय, अण्णा नेमकं करायचे काय? बेळगावच्या खासबागेत, खाली मागांची खडखड आणि वर जिन्याच्या तोंडाशी तुमचं ऑफिस, तिथं बसून मोठ्या विमानांचं तुम्ही काय करत होता? मी सांगून सांगून आता पाठच झालंय. आम्ही विमान बनवत नाही. विमानाला इंजिन बसवायचं तर नुसते नट आवळून भागत नाही. बसवलेलं इंजिन पेटलं, गळलं, गोठलं, त्यानं पक्षी गिळला, तर बाकीच्या विमानाचं काय होणार, याचं उत्तर आधी द्यावं लागतं. नियम असतो दोन-चार ओळींचा. तो कसा पाळायचा हे सांगणारी मार्गदर्शिका असते जाडजूड. अण्णा तिच्या आधारानं उत्तर लिहायचा आणि मी त्यात खोट काढायची. दोघांच्या सह्या झाल्या की तो कागद पुढे जायचा. एकट्याच्या सहीला किंमत नाही.

लोक मान डोलावतात आणि चहा पितात. खालच्या मागवाल्या काकू तेवढ्या म्हणाल्या, "म्हंजे तुमी भावा-बहिणीनं भांडायचं दुकान काढलं हुतं."

काढलं होतंच. तू बेंगळुरूचं सगळं सोडून परत आलास, मी कॉलेजात फिजिक्स शिकवून शिकवून कंटाळले होते, आणि तू म्हणालास, "सुमे, मला खोट काढणारं माणूस पायजे. तुझ्याइतकं खवट कोण हाय?" मी त्याच आठवड्यात राजीनामा दिला. मला कुणी इतक्या प्रेमानं नोकरीला बोलावलं नव्हतं.

हल्ली दुपारी ऑफिसात डोळा लागतो. मागांची खडखड लांब जाते, मग ती खडखड राहत नाही, पाटाचं पाणी होते. मी उसाच्या बांधावर असते. परकर पोटरीपर्यंत खोचलेला. तू पुढे ओणवा बसलेला, मुठीत रंगपंचमीचा उरलेला गुलाबी रंग. आप्पा आणि शेजारचे बाळूतात्या वर उभे राहून कडाकडा भांडताहेत. तात्यांचं म्हणणं, तुमचं पाणी बांधाखालनं झिरपून माझ्या मिरच्या कुजवतंय. आप्पांचं म्हणणं, ते पाणी आमचं न्हवंच. कुणी कुणाचं ऐकत नाही. तू मूठ उघडतोस. पाणी गुलाबी होऊन वळणावरून निघून जातं आणि आपण दोघं त्याच्या मागं पळतो. आवाज कुठलाच येत नाही, फक्त पाय ओले होतात.

स्वप्न तिथंच तुटतं, पण पुढचं तर घडलेलंच आहे. बांधाखालच्या उंदराच्या बिळातून तात्यांच्या मिरच्यांत गुलाबी पाणी निघालं. आप्पा हरले. वर तात्यांचा पांढरा बैल त्यात तोंड घालून बसला आणि पुढचे कितीतरी दिवस गुलाबी तोंडानं गावभर फिरला. आप्पांनी तुला बदडलं आणि रात्री जेवताना स्वतःच हसत सुटले. तू गाल चोळत म्हणालास, "तुमी भांडत बसला. मी पाण्यालाच इचारलं."

हे वाक्य मी तुझ्याच तोंडावर किती वेळा मारलं असेल, देवाला ठाऊक. तू दरवेळी म्हणायचास, "अगं, तवा मी लहान हुतो."

दर्भाच्या कावळ्याचं भांडण तर त्याहून जुनं वाटतं, पण आहे नंतरचं. आप्पांच्या दहाव्याला याच घाटावर कावळा आला नव्हता. तुझी बेंगळुरूला विमानाची टेस्ट होती, दुपारची गाडी होती. तू जरा वेळ वाट बघितलीस आणि गुरुजींना म्हणालास, दर्भाचा करा. त्यांनी दर्भाच्या काड्या वळून चोच केली, पिंडाला लावली, झालं. मी तुझ्याशी पुढचं वर्षभर नीट बोलले नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, आप्पांची काय इच्छा राहिली होती ते आता कधीच कळणार नाही, कारण तुला गाडी गाठायची होती. तू म्हणालास, "शास्त्रात सोय केल्याय गं. उगंच केल्याय व्हय?" मी म्हणाले, "सोय आहे म्हणजे खरं आहे असं नाही."

पुढे ऑफिसात तो आपला शब्दच झाला. तू कुठं चाचणी टाळून आकडेमोडीवर किंवा जुन्या विमानाच्या दाखल्यावर काम भागवायला निघालास की मी समासात पेन्सिलीनं लिहायची, द.का. नवीन आलेली पोरं विचारायची, मॅडम, हे कुठलं कलम? तू गंभीर चेहऱ्यानं सांगायचास, "हे फक्त बेळगाव जिल्ह्याला लागू हाय."

आणि तुझी ती मार्गदर्शिका. तिच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की यात दिलेला मार्ग नियम पाळण्याचा एक मान्य मार्ग आहे, एकमेव नाही. तू त्या वाक्यावर इतका खूश होतास की मला त्याचा मत्सर वाटायचा. "बघ की," तू म्हणायचास, "सरकारी कागुद कधी असं बोलतो? आमचा रस्ता चांगला हाय, पण तुला दुसरा ठाऊक असंल तर दाव म्हणतोय." मी म्हणायची, तू 'दुसरा' ऐकतोस, मी 'दाव' ऐकते. यावर आपण किती चहा संपवला. खालचे माग बंद व्हायचे, आपलं चालूच.

तू हरलास की कानडीत शिरायचास. होगली बिडू. जाऊ दे, सोड. खांदे उडवून, हसून, जणू मीच हरलेय. आणि तू बरोबर निघालास की मी काय करायची, आठवतंय? मान वर न करता म्हणायची, "हं. पुढचं पान." बस. एवढ्यात तुला सगळं समजायचं असं मी धरून चालले होते.

या शेवटच्या कामात तसं होतं तरी काय. इंजिनाच्या खालच्या झाकणाला गळतीसाठी भोक असतं, ते नव्या झाकणात वीतभर मागं सरकलं होतं. एवढंच. इंजिनाच्या कप्प्यात तेल किंवा इंधन गळलं तर ते आत साठून राहू नये, बाहेर पडावं, आणि बाहेर पडल्यावर तापलेल्या भागाला शिवू नये, नाहीतर आग. मार्गदर्शिकेचा मार्ग म्हणजे तुझाच लहानपणचा उद्योग. झाकणाखाली पांढरा लेप द्यायचा, कप्प्यात रंगीत पाणी सोडायचं, विमान उडवायचं आणि उतरल्यावर वाकून बघायचं, रंग कुठंकुठं गेला. तू लिहिलंस, गरज नाही. आधीच्या झाकणाची चाचणी झालेली आहे, हे त्याच्यासारखंच आहे, वर ही आकडेमोड. मी समासात लिहिलं, द.का.

तू त्या वेळी नेहमीसारखा हसला नाहीस. "सुमे, आकडेमोडीत चूक दाव."

"आकडेमोड चोख आहे."

"मग?"

"झाकण वेगळं आहे. तिथं हवा कशी वळते ते कुणी बघितलंय?"

"मी बघितलोय. जल्मभर तेच डाग बघत आलोय." तू बशीतल्या सांडलेल्या चहात बोट बुडवलंस आणि माझ्या टेबलाच्या काचेवर एक रेघ ओढलीस. "हितनं पडंल. झाकणाच्या पोटावरनं बोटभर रुंद रेघ काढत मागं जाईल. कडेच्या जरा अलीकडं, हितं, हवेत सुटंल. तापल्या भागाला शिवणार न्हाय. डोळं झाकून सांगतो."

"डोळे उघडून दाखव," मी म्हणाले.

शुक्रवारची संध्याकाळ होती. तू जिना उतरताना मधेच थांबलास, कठड्याला धरून वर बघितलंस. खालून मागांचा आवाज येत होता म्हणून जरा मोठ्यानं म्हणालास, "एकदा तरी म्हण गं, अण्णा तुझं बरोबर. कागदावर नको. नुसतं तोंडानं."

मी म्हणाले, "सोमवारी बघू."

यापुढचं, तू सोमवार का बघितला नाहीस ते, मी लिहीत नाही. ते पेपरात आलंय, फोटोसकट, आणि फोटो चांगला नाही. काचेवरची रेघ मात्र मी पुसली नव्हती. सोमवारी ऑफिसात गेले तर झाडणाऱ्या बाईनं काच लख्ख करून ठेवली होती. मी तिला काय बोलणार.

तू आईला विमानातली दोन इंजिनं कशी समजावली होतीस, ते सारखं आठवतं. दोन्ही अशी बसवायची की एक बंद पडलं तरी दुसऱ्याला त्याची झळ लागू नये, त्याचं त्यानं चालत राहावं. आई म्हणाली होती, मग ती सख्खी न्हवंत. तेव्हा आपण दोघं केवढे हसलो होतो. अण्णा, जगाच्या विमानांना तू तो नियम लावलास आणि घरात मात्र विसरलास. तू थांबलास आणि माझंही सगळं थांबलंय. खोट काढायला समोर कागदच नाही. मी भाजीवाल्याच्या बिलात खोट काढते, पंचांगात काढते. परवा विनूनं तुझ्यावर लिहिलेल्या श्रद्धांजलीत शुद्धलेखनाच्या चुका काढल्या. त्या बिचाऱ्यानं मुकाट्यानं दुरुस्त केल्या.

तर सही. तुझे दिवस चालू असतानाच, ज्यांचं ते झाकण त्या कंपनीच्या माणसाचा फोन आला. तरुण आहे, अदबीनं बोलतो. म्हणाला, मॅडम, सरांचा हा शेवटचा रिपोर्ट. तुमची सही झाली की पुढे पाठवतो. चाचणीला विमान अडकून राहील, महिने जातील. आणि शिवाय, सरांच्या मानासाठी तरी. मी म्हणाले, विचार करते. फोन ठेवला तर दारात वहिनी उभी होती. तिनं अर्धंच ऐकलं होतं, पण जे ऐकलं ते बरोबर ऐकलं होतं. "वन्सं," ती म्हणाली, "जल्मभर त्यांची चूक काढली. आता मेल्यावर बी काढणार? लोक म्हणतील, ह्यांचा शेवटचा कागुद ह्यांच्याच बहिणीनं परत पाठवला."

तिचं चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही. तू लिहिलेलं होतं आणि तू गेला होतास, तुझ्या बाजूनं बोलायला ती एकटीच उरली होती. मीही रोज सकाळी पेन हातात घेऊन बसत होते. वाटायचं, करून टाकावी. तुझा डोळा कधी चुकला होता? तुझ्यासाठी एवढं करायला काय हरकत आहे? मग वाटायचं, हे तुझ्यासाठी नाहीच. हे मला बरं वाटावं म्हणून. पेन परत ठेवायची.

आणि आता घाटावर सगळे माझ्याकडे बघत होते. कावळाही. गुरुजी चिकोडीहून आले होते, त्यांना परतीची गाडी होती, त्यांनी हळूच मनगट बघितलं. दोन शब्द बोलायचे आणि घरी जाऊन जेवायचं, इतकं सोपं होतं. मी उभी राहिले. पाय बधिर झाले होते. पाण्यावर ऊन इतकं चकाकत होतं की समोरचा काठ दिसत नव्हता, आणि क्षणभर मला वाटलं, तू पलीकडं ओणवा बसलायस, मूठ मिटून, मी काय बोलते ते ऐकत.

मी म्हणाले, "अण्णा, सही करणार न्हाय. आधी रंगीत पाणी सोडून बघणार. तुझं चुकलं म्हणून न्हाय. मला तू ठाऊक आहेस, तुझा डोळा ठाऊक आहे. त्या विमानात जी माणसं बसणार, त्यांना तू ठाऊक न्हाईस. त्यांनी कुणाच्या भरवशावर बसायचं?"

फांदीवरचा कावळा उडाला. खाली नाही आला, नदीपलीकडं गेला, आणि त्याच्यामागं बाकीचेही. वहिनीनं तोंड फिरवलं. काका पुटपुटले, "ह्या पोरीचं हे असंच."

गुरुजींनी दर्भ पुढे ओढला आणि मग थबकले. तेच गुरुजी होते, आप्पांच्या वेळचे, आता पार म्हातारे झालेले. मी तेव्हा केलेला तमाशा ते विसरले नव्हते. "ताई," ते म्हणाले, "चालंल न्हवं?"

मी दर्भाच्या काड्या उचलून त्यांच्या हातात दिल्या. म्हणाले, "चालतंय."

खरंच चालत होतं, अण्णा. मला त्याच क्षणी ते कळलं आणि राग आला की हे तुला सांगता येणार नाही. तू आमचा होतास. तुला काय आवडायचं, तुझं काय राहिलं, कशावर तू रुसायचास, सगळं आम्हाला पाठ होतं. तिथं कावळ्यानं येऊन सांगायची काय गरज? आपल्या माणसाला गवताची चोचसुद्धा पुरते. आप्पांनाही पुरली असणार. मी उगाच वर्षभर तोंड फुगवून बसले. पण परक्याच्या लेकराला आपण गवताची चोच दाखवून विमानात बसवू शकत नाही. दोन्ही ठिकाणी तुझं 'सोय केल्याय' हेच वाक्य लागू होतं आणि उत्तरं वेगळी येत होती. यावर तू तासभर तरी बोलला असतास. मी ऐकलं असतं, शपथ.

विनूनं ती चोच पिंडाला लावली. आम्ही पाण्यात हात धुतले.

त्यानंतर वहिनी माझ्याशी बोलायची बंद झाली. पण दुपारचा डबा मात्र रोज ऑफिसात येत राहिला, तुझ्या वेळी यायचा तसाच, भाकरी, झुणका, वर ठेच्याचा गोळा. मी रिकामा डबा घासून परत पाठवायची. आमच्या दोघींत तेवढंच चालू होतं.

कंपनीला मी कळवलं, चाचणीशिवाय माझी सही मिळणार नाही, दुसरं कुणी मिळत असेल तर खुशाल बघा. त्यांनी बरेच दिवस तोंड वाकडं केलं. दुसरं कुणी मिळालंही असतं. त्यांनी का शोधलं नाही मला माहीत नाही. एक दिवस त्या तरुणाचा फोन आला, विमान मिळतंय, येणार का. मी थेट तुझ्या घरी गेले. वहिनी तांदूळ निवडत होती. म्हणाले, "तुम्हीही चला. ते खोटे पडणार असतील तर तुमच्यासमोर पडू देत." ती तांदूळ बाजूला सारून उठली आणि पिशवी भरायला लागली.

इतक्या वर्षांत तिनं तुझं काम कधी बघितलं नव्हतं, हे मला गाडीत बसल्यावर सुचलं. तुला कधी सुचलं होतं का रे? ती खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी तिच्या कानातल्या कुड्यांकडे. गाडीत माझा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा माझं डोकं तिच्या खांद्यावर होतं. तिनं ते हलवलं नव्हतं.

परक्या गावचा विमानतळ, लांबच लांब सिमेंट, वर तापलेली हवा. झाकणाच्या पोटाला आणि आजूबाजूला पांढरा लेप दिलेला. वहिनी वाकून बघत म्हणाली, "दिवाळीला भिंत सारवल्यागत केलंय." दहाव्यानंतरचे तिचे माझ्याशी पहिले शब्द. रंग गुलाबी मिळतो का म्हणून मी फोनवर विचारलं होतं. तो तरुण गोंधळला होता. निळा होता. होगली बिडू.

विमान गेलं. आम्ही सावलीत प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून राहिलो. उन्हानं समोरचं सगळं थरथरत होतं. धावपट्टी पाण्यासारखी दिसायला लागली, मग पाणीच झाली, आणि तिच्या काठानं एक पोरगं पळत गेलं. मागं एक लहान पोरगी, परकर खोचलेली. पुढचा थांबला, वळून बघितलं, हात हलवला, चल म्हणून. मी उठून उभी राहिले. वहिनीनं माझा हात धरला आणि खाली बसवलं. "व्हय," ती म्हणाली, "मला बी दिसतात. बसा." तिला कोण दिसत होतं, मी विचारलं नाही.

विमान उतरलं, थांबलं, गार होईपर्यंत कुणाला जवळ जाऊ देईनात. मग त्या तरुणानं हात केला. मी गेले. गुडघे दुखत होते तरी खाली बसले, मान वर केली आणि बघितलं.

पांढऱ्यावर एक निळी रेघ होती. भोकापासून निघाली होती, झाकणाच्या पोटावरून बोटभर रुंद, सरळ मागं गेली होती आणि कडेच्या जरा अलीकडं संपली होती. तापलेल्या भागाच्या बाजूला लेप कोरा पांढरा होता. एक थेंब नाही. तू चहानं काढली होतीस ती रेघ, तिथंच सुरू झालेली आणि तिथंच संपलेली.

वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. लुगड्याचा काठ सिमेंटवर लोळत होता. "ह्यांनी सांगितल्याली ती हीच?"

"व्हय."

"अश्शीच?"

"अश्शीच."

ती बराच वेळ बघत राहिली. देवाकडे बघतात तसं नाही. तू बाहेरगावाहून आलास की दारात उभी राहून तुला वरपासून खालपर्यंत बघायची, तसं. मग डोळे पुसले आणि मला कोपरानं ढोसलं. "मग आता म्हणा की. वाट बघत असतील."

म्हणजे जिन्यावरचं तू तिला सांगितलं होतंस. त्या शुक्रवारी घरी जाऊन, हातपाय धुऊन, जेवायला बसताना सांगितलं असशील, सुमीला म्हटलं, एकदा तरी म्हण. हसत सांगितलंस का? की नाही हसलास?

सही मी तिथंच केली, त्या तरुणाच्या पाठीवर कागद ठेवून. तुझ्या नावाखाली माझं नाव. समासातलं द.का. खोडलं नाही, राहू दे, चाचणीचा निकाल त्याच्या शेजारी जोडलाय. मग कागद त्याच्या हातात दिला आणि परत झाकणाखाली गेले. लोक आवराआवर करत होते, कुणीतरी लेप धुवायला पाण्याची नळी ओढत आणत होतं. त्याला म्हणाले, जरा थांबा.

आणि तोंडानं म्हणाले, मोठ्यानं, मागांच्या आवाजावरून जिन्याखाली ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "अण्णा, तुझं बरोबर."

मग मी थांबले, कारण आता तुझी पाळी होती. हरल्यावर तू काय म्हणायचास ते मला पाठ आहे, अण्णा. हे ऐकल्यावर तू काय म्हणाला असतास, ते मला ठाऊकच नाही.